पीपीटीचं सॉफ्टवेअर अपग्रेड करावं का? वर्गात शिकवणाऱ्यांना नेहमी पडणारे प्रश्न

मी विज्ञान आणि गणित शिकवते, आणि स्टाफरूममधल्या कोणाचीही पीपीटी अडकली की हाक मला येते, त्यामुळे हे प्रश्न मला इतक्या वेळा विचारले गेलेत की शेवटी एकदाचे लिहूनच काढले. उत्तरं माझ्या अनुभवातली आहेत. कुठे कुठे जरा लांबलीत, तेवढं चालवून घ्या.

एका वाक्यात सांगा, अपग्रेड केल्याने शिकवणं सुधारतं का?

नाही. तुमचं एखादं ठराविक काम रोज अडत असेल, म्हणजे व्हिडिओ चालत नाही, समीकरण एडिट होत नाही, घरची फाइल शाळेत नीट उघडत नाही वगैरे, तर ते काम सुटतं आणि डोक्याचा ताप वाचतो. पण ज्यांचा तास आज कंटाळवाणा होतोय त्यांचा तास नवीन व्हर्जनमध्येही तितकाच कंटाळवाणा होणार, फक्त स्लाइड जास्त गुळगुळीत सरकणार.

बरं, पण नवीन व्हर्जनमध्ये नक्की असं काय आलंय जे वर्गात उपयोगी पडतं?

हा प्रश्न "तुम्ही कुठून कुठे जाताय" यावर आहे. पॉवरपॉइंट पहिल्यांदा १९८७ मध्ये आलं, तेही मॅकसाठी, आणि ते मायक्रोसॉफ्टने बनवलेलंच नव्हतं, फोरथॉट नावाच्या छोट्या कंपनीचं होतं, त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने ती कंपनी विकत घेतली. तेव्हापासून प्रत्येक व्हर्जनमध्ये काही ना काही भर पडत गेलीये, पण शिक्षकाच्या कामाच्या उड्या तीन-चारच.

२००७ च्या व्हर्जनमध्ये वरचा मेनू बदलून रिबन, म्हणजे बटणांची पट्टी, आली आणि फाइल पीपीटीची पीपीटीएक्स झाली. २०१० मध्ये व्हिडिओ फाइलच्या आत ठेवता यायला लागला आणि तिथल्या तिथे कापताही यायला लागला, ही माझ्या मते शिक्षकांसाठी सगळ्यात मोठी उडी, कारण त्याआधी व्हिडिओ फक्त लिंक व्हायचा, पेनड्राइव्हवर पीपीटी यायची आणि व्हिडिओ घरी राहायचा, आणि वर्गासमोर तो काळा चौकोन बघत उभं राहायचं. २०१३ मध्ये स्लाइड रुंद झाली, प्रेझेंटर व्ह्यू (तुमच्या स्क्रीनवर नोट्स, मुलांच्या स्क्रीनवर नुसती स्लाइड) वापरण्यालायक झाला, एमपीफोर व्हिडिओ वेगळं काही न टाकता चालायला लागले. २०१९ च्या व्हर्जनमध्ये, म्हणजे सबस्क्रिप्शनवाल्यांना त्याच्या आधीच, मॉर्फ (काय ते खाली सांगते), झूम (एका स्लाइडवरून हव्या त्या स्लाइडवर उडी) आणि थ्रीडी मॉडेल आले. त्यानंतरचं बरंचसं इंटरनेटवर चालणारं: डिझाइन सुचवणं, बोललेलं अक्षरात दाखवणं, एआय.

म्हणजे २००७ वर असाल तर उडी मोठी आहे, नक्की मारा. २०१३ किंवा २०१६ वर असाल तर फीचरसाठी घाई करू नका (सुरक्षेचा मुद्दा वेगळा, तो खाली आहे). २०१९ वरून पुढे जाताना रोजच्या तासात फरक जाणवेल असं मला तरी फारसं काही दिसलं नाही.

मॉर्फ म्हणजे जादू असं सगळे म्हणतात. तेवढ्यासाठी घ्यावं का?

मॉर्फचं काम सोपं आहे. एका स्लाइडवर एखादी वस्तू इथे आहे, त्या स्लाइडची कॉपी करून पुढच्या स्लाइडवर तीच वस्तू तिथे ठेवली, की मधला प्रवास सॉफ्टवेअर स्वतः दाखवतं. पेशीच्या आकृतीत आत शिरायचं असेल किंवा नकाशावर एक भाग मोठा करून दाखवायचा असेल तर फार छान वाटतं. ॲपलच्या कीनोट या पीपीटीसारख्याच सॉफ्टवेअरमध्ये हे मॅजिक मूव्ह नावाने २००९ पासून होतं, पॉवरपॉइंटमध्ये उशिरा आलं.

पण माझी फजिती ऐका. चंद्रकला शिकवायच्या होत्या, मी हौसेने चार स्लाइड केल्या, अमावस्या, शुक्ल अष्टमी, पौर्णिमा, कृष्ण अष्टमी, मध्ये पृथ्वी, एका बाजूला सूर्य, आणि चंद्र चार जागी ठेवून मॉर्फ लावला. घरी बघितलं तर झकास. वर्गात चालवलं आणि तिसऱ्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "बाई, चंद्र तिरका का जातोय?" बघितलं तर खरंच, मॉर्फ एका जागेवरून दुसऱ्या जागेवर सरळ रेषेत नेतो, त्यामुळे माझा चंद्र कक्षा सोडून शॉर्टकटने चालला होता! मग मी शहाणपणा केला, चंद्र एका अदृश्य वर्तुळाबरोबर ग्रुप केला आणि अख्खा ग्रुप फिरवला. आता मार्ग गोल झाला पण चंद्राची उजेडाची बाजूपण त्याच्याबरोबर फिरायला लागली, म्हणजे पौर्णिमेला उजेड सूर्याच्या उलट बाजूला, आणि धड्यातला मूळ मुद्दाच हा की सूर्याकडची अर्धी बाजू कायम उजळलेली असते.

शेवटी काम कशाने झालं तर मोशन पाथने. ॲनिमेशनमधला गोल मार्ग, जो २००३ च्या व्हर्जनमध्येही होता. चंद्राला वर्तुळाचा मार्ग दिला, सुरुवातीचा आणि शेवटचा स्मूथ शून्य केला म्हणजे वेग एकसारखा राहतो, रिपीट लावलं, आणि चंद्र गोल फिरला, स्वतः न वळता, उजेडाची बाजू जिथल्या तिथे. वीस वर्षं जुनं फीचर. त्या दिवसापासून कोणी मॉर्फसाठी अपग्रेड करू का विचारलं की मी आधी विचारते, मोशन पाथ वापरून बघितलाय का?

घरी नवीन व्हर्जन आहे आणि शाळेत जुनं. चालतं का?

फाइल उघडते, पण सगळं दिसत नाही. मॉर्फ जुन्या व्हर्जनमध्ये साधा फेड होतो, म्हणजे एक स्लाइड विरून दुसरी येते, थ्रीडी मॉडेल नुसतं चित्र होऊन बसतं. फाइल मेनूमध्ये माहितीच्या पानावर कंपॅटिबिलिटी तपासायचं बटण असतं, ते दाबलं की जुन्यात काय चालणार नाही याची यादी देतं, बहुतेकांना हे बटण आहे हेच माहीत नसतं.

माझा नियम असा की पीपीटी ज्या मशिनवर दाखवायची ते मशिन खरं, घरचा लॅपटॉप खोटा. शाळेतलं व्हर्जन जुनं असेल तर घरी काहीही अपग्रेड करून उपयोग नाही, उलट त्रास वाढतो. आणि उलटं, शाळेत नवीन आलं आणि घरी जुनं असेल तर काहीच बिघडत नाही.

शाळेच्या कॉम्प्युटरवर माझी मराठी अक्षरं बदलतात, चौकोन येतात. नवीन सॉफ्टवेअरने जाईल का?

जाणार नाही, कारण हा फॉन्टचा प्रश्न आहे. यात दोन वेगळे आजार आहेत, लोक एकच समजतात.

पहिला, तुम्ही जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप केलंय, जो युनिकोड (सगळ्या मशिनवर चालणारी अक्षरांची एकच पद्धत) नाही. त्यात आतून इंग्रजी अक्षरंच असतात, फक्त फॉन्ट त्यांना मराठी मुखवटा घालतो. दुसऱ्या मशिनवर तो फॉन्ट नसला की मुखवटा गळतो आणि स्लाइडवर इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. याला इलाज एकच, मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्या, त्यासाठी कन्व्हर्टर मिळतात, बदलल्यावर जोडाक्षरं आणि रफार एकदा डोळ्याखालून घाला.

दुसरा, टाइप केलंय युनिकोडमध्येच पण फॉन्ट हौशी घेतलाय. मग तिथे दुसरा फॉन्ट लागतो, ओळी लांबतात, शेवटचा शब्द चौकटीबाहेर. यावर विंडोजच्या पॉवरपॉइंटमध्ये ऑप्शन्समध्ये सेव्हच्या पानावर अगदी खाली फॉन्ट फाइलमध्ये एम्बेड करायची, म्हणजे फाइलच्या आतच साठवायची, खूण असते, ती करा. फाइल थोडी जड होते आणि काही फॉन्ट परवानगी देत नाहीत, पण बऱ्याच वेळा काम होतं. नाहीतर सरळ निर्मला यूआय वापरा, तो विंडोज ८ पासून सोबत येतो. मंगल सगळीकडे असेलच असं धरून चालू नका, विंडोज १० पासून तो जास्तीच्या फॉन्टमध्ये गेलाय, वेगळा टाकावा लागतो.

जुन्या पीपीटीतले ॲनिमेशनवाले प्रयोग चालत नाहीत. व्हर्जन जुनं आहे म्हणून का?

बहुतेक ते फ्लॅशचे, म्हणजे ॲडोबीच्या जुन्या ॲनिमेशन तंत्राचे, असणार. ॲडोबीने फ्लॅशचा सपोर्ट ३१ डिसेंबर २०२० ला बंद केला आणि १२ जानेवारी २०२१ पासून प्लेअरच चालायचा बंद झाला. कुठलंही नवीन व्हर्जन घेतलं तरी ते परत येणार नाही. विजेचं सर्किट, लंबक, भिंगाचे किरण, कितीतरी चांगल्या गोष्टी त्यात गेल्या, मला आजही वाईट वाटतं. आता तसलेच प्रयोग ब्राउझरमध्ये चालणारे मिळतात, कोलोरॅडो विद्यापीठाचे फेट सिम्युलेशन बघा, फुकट आहेत आणि बरेचसे मराठीतही आहेत, स्लाइडवर लिंक द्यायची आणि तिथून उघडायचं.

गणिताची समीकरणं डबल क्लिक केली तरी उघडत नाहीत.

जुना इक्वेशन एडिटर ३.० होता ना, त्यात सुरक्षेची भोकं सापडली म्हणून मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०१८ च्या अपडेटमध्ये तो काढूनच टाकला. समीकरणं दिसतात पण बदलता येत नाहीत. नवीन लिहायची तर आल्ट आणि बरोबरचं चिन्ह एकत्र दाबा, समीकरणाची चौकट येते, पॉवरपॉइंटमध्ये हे २०१० पासून आहे. टच स्क्रीन असेल तर नवीन व्हर्जनमध्ये हाताने लिहूनही समीकरण करता येतं. गणिताच्या शिक्षकांना मी अपग्रेड करा असं सांगते त्याचं हे एक खरं कारण.

नवीन स्क्रीनवर दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या का येतात?

तुमची जुनी पीपीटी ४:३ ची आहे आणि स्क्रीन १६:९. डिझाइनमध्ये स्लाइड साइज बदला, पण बदलल्यावर चित्रं ताणली गेलीत का ते बघा, वर्तुळाचं अंडं झालेलं मी भूमितीच्या तासाला पाहिलंय. जुना प्रोजेक्टर असेल तर ४:३ च राहू द्या.

"सपोर्ट संपला" म्हणजे सॉफ्टवेअर बंद पडतं का?

बंद पडत नाही. उघडतं, चालतं, सेव्ह होतं. फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या येणं थांबतं. पॉवरपॉइंट ज्या संचात येतं त्या ऑफिस २०१० चा सपोर्ट १३ ऑक्टोबर २०२० ला संपला, २०१३ चा ११ एप्रिल २०२३ ला, २०१६ आणि २०१९ या दोघांचा एकाच दिवशी, १४ ऑक्टोबर २०२५ ला, आणि विंडोज १० चा पण त्याच दिवशी. २०२१ चा १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे.

आता हे शिक्षकासाठी किती गंभीर? विचार करा, शाळेच्या मशिनमध्ये दिवसभरात किती पेनड्राइव्ह जातात, कोणाकोणाकडून आलेल्या फायली उघडल्या जातात. बाहेरून आलेली फाइल उघडणं हेच आपलं काम आहे, त्यामुळे धोका नुसत्या टायपिंगच्या मशिनपेक्षा जास्त. वरच्या सगळ्या फीचरपेक्षा मला हे कारण जास्त पटतं. मशिन अजिबात इंटरनेटला नसेल आणि फायली फक्त तुमच्याच असतील तर अजून काही काळ ढकलता येईल, पण तसं मशिन मी तरी बघितलेलं नाही.

एकदाच विकत घ्यावं की सबस्क्रिप्शन?

दोन्ही घ्यायच्या आधी शाळेला विचारा. मायक्रोसॉफ्टचा शिक्षणसंस्थांसाठी एक फुकट प्लॅन आहे, ब्राउझरमध्ये चालणारा, आणि शाळेने नोंदणी केलेली असते पण शिक्षकांपर्यंत लॉगिन पोचलेलंच नसतं असं होतं. माझ्या एका जुन्या शाळेत दीड वर्ष हेच चाललं होतं, आम्ही आपले स्वतःचे पैसे घालत होतो आणि लॉगिनची यादी कपाटात.

विकत घ्यायचंच असेल तर, एकदाच घेतलेल्या व्हर्जनमध्ये नवीन फीचर नंतर येत नाहीत, जे आहे ते आहे, आणि शिक्षकाला हे बरंच पडतं, कारण सोमवारी सकाळी तासाच्या पाच मिनिटं आधी बटणं जागा बदलून बसलीत असं होत नाही. सबस्क्रिप्शन ज्यांना दोन-तीन मशिनवर काम करावं लागतं त्यांच्यासाठी.

फुकटातलं काही चालेल का?

चालेल, पण प्रत्येकाचा एक नखरा आहे.

लिबरऑफिसचं इम्प्रेस: पूर्ण फुकट, इंटरनेट लागत नाही, जुन्या मशिनवर चालतं, प्रेझेंटर व्ह्यूसारखी सोय त्यात आहे. मॉर्फ नाही. पॉवरपॉइंटची फाइल उघडते पण मजकूर इकडेतिकडे सरकतो, म्हणून फाइल सारखी इकडून तिकडे नेऊ नका, एकात बनवा, त्यातच दाखवा.

गूगल स्लाइड्स: चार शिक्षक मिळून एक पीपीटी करायची असेल तर याच्यासारखं दुसरं नाही. मुलांनाही गटात काम देता येतं, कोणी किती केलं ते व्हर्जन हिस्टरीत दिसतं, "बाई मी केलं होतं पण उडालं" हे संपतं. इंटरनेट नसताना वापरायचं तर क्रोममध्ये ऑफलाइन आधीच चालू करून ठेवावं लागतं, आणि हे आधीच शब्द अधोरेखित करा, नेट गेल्यावर आठवून काही होत नाही.

कॅन्व्हा: दिसायला सुंदर, पडताळणी झालेल्या शालेय शिक्षकांना त्याची शिक्षण आवृत्ती फुकट मिळते. पण तिथली पीपीटी डाउनलोड करून पॉवरपॉइंटमध्ये उघडली की फॉन्ट आणि हालचाली बदलतात. प्रेझी पण आहे, २००९ पासून आहे, त्यातलं झूम करत फिरणं पहिल्या दोन तासांना मजेदार वाटतं आणि नंतर काही मुलांना गरगरतं.

एआय पीपीटी बनवून देतं म्हणे. मग वेळ वाचेल ना?

ढाचा बनवायला वाचतो, तपासायला तेवढाच जातो. विषय दिला की दहा स्लाइड येतात, प्रत्येकीवर एक मथळा, चार मुद्दे आणि एक चकचकीत चित्र, आणि ते चित्र नीट बघा, मी मागवलेल्या फुलाच्या आकृतीत पुंकेसरांवरच्या रेषा भलतीकडेच गेल्या होत्या आणि नावं अर्धी अर्थहीन. आकृती कधीही एआयची वापरू नका असं मी सांगेन. प्रश्नमंजुषेचे पर्याय सुचवायला, लांब परिच्छेद सोपा करायला मात्र बरं आहे. फक्त मुलांची नावं, गुण वगैरे त्यात टाकू नका.

बोललेलं खाली अक्षरात दिसतं ती सोय वर्गात उपयोगी आहे का?

ऐकायला कमी येणारं मूल वर्गात असेल तर हो, फार. पॉवरपॉइंटच्या सबस्क्रिप्शनवाल्या व्हर्जनमध्ये आहे, गूगल स्लाइड्समध्येही आहे, दोन्हीला इंटरनेट लागतं. माइक जवळ हवा, लॅपटॉपचा माइक पंख्याचा आवाज पकडतो. विशेषनामं आणि शास्त्रीय शब्द चुकतात, "प्रकाशसंश्लेषण" त्याला झेपलं तर मला कळवा. तेवढं मुलांना आधी सांगून ठेवायचं म्हणजे हसण्यात तास जात नाही.

मुलं सगळी स्लाइड उतरवून घेत बसतात, माझं ऐकतच नाहीत. यावर नवीन व्हर्जनमध्ये काही आहे का?

यावर सॉफ्टवेअरमध्ये काही नाही, स्लाइडमध्ये आहे. स्लाइडवर सहा ओळी आणि तुम्ही त्याच सहा ओळी वाचताय, मग मुलाने डोळ्याने वाचायचं की कानाने ऐकायचं? रिचर्ड मायर नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी यावर वर्षानुवर्षं प्रयोग केलेत, त्यांचं म्हणणं असं की चित्र आणि त्याबरोबर बोलणं एवढंच दिलं तर समजतं, त्यात तेच बोलणं पुन्हा अक्षरात टाकलं तर समज कमी होते. म्हणजे आपण मदत म्हणून घातलेला मजकूर अडथळा होतो.

मी काय करते, स्लाइडवर फक्त आकृती, नावांशिवाय. बोलत बोलत एकेक नाव क्लिकवर येतं. लिहून घ्यायचा मजकूर शेवटी वेगळ्या स्लाइडवर, आणि ती आली की मी गप्प बसते, अगदी गप्प, पाच मिनिटं. पहिल्यांदा मुलांना वाटलं बाईंना राग आलाय.

अपग्रेड न करता आजच्या आज काय सुधारता येईल?

कीबोर्डवरच्या काही कळा शिका, खरंच, एवढ्याने तास बदलतो. शो चालू असताना बी दाबलं की स्क्रीन काळी होते, परत दाबलं की येते. मुलांचं लक्ष स्क्रीनवरून स्वतःकडे आणायचं याहून सोपं साधन नाही, आणि हे इम्प्रेस आणि गूगल स्लाइड्समध्येही चालतं. स्लाइडचा नंबर टाइप करून एंटर दाबलं की थेट त्या स्लाइडवर जातं, "मागे जा, अजून मागे, अजून" हे नाटक थांबतं, त्यासाठी स्लाइडच्या नंबरांचा एक कागद जवळ ठेवा. कंट्रोल आणि पी म्हणजे पेन, नुसतं ई म्हणजे सगळं पुसलं, शिफ्ट आणि एफ५ म्हणजे आहे त्या स्लाइडपासून शो सुरू. आल्ट आणि एफ१० दाबलं की स्लाइडवरच्या सगळ्या वस्तूंची यादी उघडते, एकमेकांखाली दडलेली चित्रं त्यातून पकडता येतात.

मला एकदा अर्ध्या दिवसाच्या ट्रेनिंगला पाठवलं होतं, त्यात ट्रान्झिशनचे सगळे प्रकार एकेक करून दाखवले, पडदा उघडतो, कागदाचं विमान होऊन उडतं, आणि बी ची कळ कोणी सांगितली नाही.

फाइल इतकी जड झालीये की उघडायलाच दोन मिनिटं लागतात. मशिन बदलावं का?

आधी चित्रं बघा. मोबाइलने काढलेले फोटो जसेच्या तसे टाकलेत आणि कोपरा धरून लहान केलेत, पण लहान फक्त दिसायला झालेत, आतून मोठेच आहेत. फोटोवर क्लिक करून पिक्चर फॉरमॅटमध्ये कॉम्प्रेस पिक्चर्स करा, सगळ्या चित्रांना लागू होऊ द्या, कापलेला भाग काढून टाकायची खूण करा, १५० पीपीआय (चित्राची बारकाई) वर्गासाठी पुष्कळ झालं.

कोणतं चित्र जड आहे हे शोधायचं असेल तर एक गंमत आहे. पीपीटीएक्स ही आतून झिप फाइल असते. कॉपी करून तिच्या नावाचं शेपूट झिप करा, उघडा, पीपीटी नावाच्या फोल्डरमध्ये मीडिया नावाचं फोल्डर दिसेल, त्यात तुमची सगळी चित्रं आणि व्हिडिओ आकारासकट. एका सरांच्या फाइलमध्ये शाळेचा लोगो प्रत्येक स्लाइडवर वेगळा टाकलेला होता आणि तो लोगो म्हणजे भिंतीचा काढलेला फोटो. स्लाइड मास्टरवर, म्हणजे सगळ्या स्लाइडच्या मूळ साच्यावर, एकदाच टाकला, फाइल हलकी झाली.

प्रेझेंटर व्ह्यू वापरावा का? माझ्या नोट्स एकदा मुलांना दिसल्या होत्या.

वापरा, पण स्क्रीन आधी एक्स्टेंड करा, विंडोज आणि पी दाबून. डुप्लिकेट असेल तर जे तुम्हाला तेच मुलांना. माझ्याही दिसल्या होत्या, आणि त्यात लिहिलं होतं "इथे विनोद". सरावासाठी एकच स्क्रीन असली तरी आल्ट आणि एफ५ ने उघडतो, २०१३ पासून.

सगळं पीपीटीवरच शिकवायचं असं वरून सांगितलंय. फळा सोडायचा का?

फळा का सोडायचा? गणित सोडवताना हात चालतो त्या वेगाने मुलाचा विचार चालतो, पीपीटीवर पायरी एका क्लिकने येते आणि कशी आली ते कळत नाही. आणि चुकलं तर खोडून परत करणं हा शिकण्याचाच भाग आहे, स्लाइडवर चूक आधीच दुरुस्त झालेली असते. मी आकृती आणि हालचाल स्क्रीनवर ठेवते, सोडवणं फळ्यावर, आणि मधल्या वेळात बी ची कळ.

शेवटच्या बाकावरून दिसत नाही अशी तक्रार येते. किती आकार ठेवावा?

२८ च्या खाली जाऊ नका, आणि मराठीला त्याहून थोडा मोठा, कारण वरच्या मात्रा आणि खालचे उकार त्याच ओळीत बसायचे असतात, ओळींमधलं अंतरही वाढवा. पिवळ्यावर पांढरं लिहू नका. एकदा रिकाम्या वर्गात पीपीटी लावून स्वतः शेवटच्या बाकावर जाऊन बसा, पडदे उघडे ठेवून. लाल-हिरव्या रंगाने बरोबर-चूक दाखवत असाल तर जोडीला खूण आणि फुलीही द्या, काही मुलांना ते दोन रंग वेगळे दिसत नाहीत.

नवीन व्हर्जनमध्ये सगळे मेनू बदलले तर शिकायला किती वेळ जाईल?

२००३ वरून आलात तर आठवडाभर चिडचिड. २०१० नंतरच्या कुठल्याही व्हर्जनवरून आलात तर एका ऑफ तासात हात बसतो. परीक्षेच्या तोंडावर मात्र बदलू नका, सुट्टीत बदला.

जुनी फाइल उघडली की वर "कंपॅटिबिलिटी मोड" असं दिसतं. काय करायचं?

फाइल जुन्या पीपीटी प्रकारातली आहे एवढाच त्याचा अर्थ. त्या मोडमध्ये नवीन सोयी झोपलेल्या असतात. फाइल मेनूत कन्व्हर्टचं बटण आहे, ते दाबायच्या आधी मूळ फाइलची एक कॉपी बाजूला ठेवा, कारण जुने वर्डआर्ट आणि तक्ते कधी कधी बदललेले निघतात. आणि कन्व्हर्ट झाल्यावर पहिली आणि शेवटची स्लाइड बघून खूश होऊ नका, सगळा शो एफ५ ने एकदा शेवटपर्यंत चालवा, माझी बिघडलेली स्लाइड सतरावी होती.